धूमकेतूचं विष आणि धुपाचे निखारे

सगुणाक्काने दार पुरतं उघडलं नाही. मी अंग चोरून आत शिरले आणि तिने लगेच दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला.

"वारा आंत येतो," ती म्हणाली. "बैस, इंदू."

भर दुपार होती, पण घरात अंधार होता. खिडक्यांच्या तावदानांवर तमिळ वर्तमानपत्रं चिकटवलेली. न्हाणीघराच्या झरोक्यात गोणपाट. पंखा फिरत होता, पण तो तीच ती हवा ढवळत होता. हॉलच्या मधोमध लोखंडी धूपपात्रात करवंटीचे निखारे फुलले होते आणि त्यांवर ऊद जळत होता. आमच्याकडे त्याला सांब्राणी म्हणतात. एरवी तो वास मला आवडतो.

सगुणाक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. तिरुविडैमरुदूरला देवळाजवळच्या जुन्या गल्लीत राहते. मुलगा चेन्नईला नोकरीला. सून वैदेही बाळंतपणासाठी सासूजवळच राहिली होती, कारण तिला आई नाही. आठवा महिना चालू होता. मी रजेवर कुंभकोणमला माझ्या भावाकडे आले होते आणि आज वैदेहीला स्कॅनसाठी दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन आले होते. तसं आधीच ठरलं होतं.

"वैदेही तयार आहे ना?" मी विचारलं.

"ती कोठें जात नाही. धूमकेतू गेल्यावर बघूं."

आमच्या घरची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली आणि तशीच राहिली. मी पुण्याला एम.एस्सी.ला असताना मैत्रिणी माझं बोलणं ऐकून हसायच्या. तेव्हा मी पुस्तकातली मराठी शिकले. अक्काला त्याची गरज पडली नाही.

तिने मला फोन दाखवला. व्हॉट्सॲपवर तमिळमध्ये आलेला निरोप होता. आकाशात दिसणाऱ्या धूमकेतूच्या डोक्यात सायनाइड सापडलं आहे. पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार आहे. गर्भवतींनी बाहेर पडू नये, खिडक्या बंद ठेवाव्यात, घरात धूप जाळावा. खाली पुरावा म्हणून एक आलेख होता.

तो आलेख माझा होता.

माझा धंदा सांगते. मी एका डोंगरावरच्या वेधशाळेत स्पेक्ट्रोस्कोपिस्ट आहे. म्हणजे, दुर्बिणीत आलेला प्रकाश एका यंत्रात नेऊन त्याचे रंग वेगळे करायचे आणि त्या रंगांवरून ती वस्तू कशाची बनली आहे ते ओळखायचं. गॅसच्या ज्योतीवर मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते. मीठ न चाखताही तुम्हाला कळतं की ते मीठ आहे. आम्ही तेच करतो, फक्त फार बारकाईने. धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा डोंगर. तो सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, उन्हाने त्या वाफेतले रेणू तुटतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या रंगात चमकतो. कार्बनच्या जोडीमुळे डोकं हिरवट दिसतं. कार्बन आणि नायट्रोजनची जोडी जांभळ्या टोकाला चमकते. तिला सायनोजन म्हणतात, आणि ती बहुतेक हायड्रोजन सायनाइड तुटून होते. माझ्या आलेखात त्या ठिकाणी एक उंच सुळका होता. त्यावर मीच CN ही दोन अक्षरं लिहिली होती.

आमच्या संस्थेने त्याच आठवड्यात प्रेसनोट काढली होती. तिच्यात ठळकपणे म्हटलं होतं की वेधशाळेला धूमकेतूत सायनाइड आढळलं. वाक्य खरं होतं. पुढचं सगळं, म्हणजे शेपटीचं, गर्भवतींचं, धुपाचं, कुणीतरी जोडलं होतं.

मी आतल्या खोलीत जाऊन आमच्या हेडना फोन लावला. मुरळी सर भले माणूस, पण नियमाने चालणारे.

"सर, इथे लोक खिडक्या बंद करून बसलेत. आपल्या प्रेसनोटमुळे. तमिळमध्ये खुलासा काढायला हवा. आजच."

"प्रेसनोटमध्ये फॅक्चुअल एरर आहे का?"

"नाही."

"मग खुलासा कशाचा काढायचा?"

"किती आहे आणि किती लांब आहे, ते लिहिलेलं नाही सर."

"मी मीडिया सेलला सांगतो. ते कमिटीपुढे ठेवतील. या आठवड्यात होईल. आणि मॅडम, तोपर्यंत तुम्ही पर्सनल कपॅसिटीमध्ये कुठेही काही बोलू नका. प्लीज."

मी फोन ठेवला. माझं डोकं दुखायला लागलं होतं. उकाड्याने असेल, सरांमुळे असेल, असं मला वाटलं.

वैदेही त्याच खोलीत पलंगावर पडली होती. मी फोनवर असताना ती डोळे मिटून होती. आता उठून बसायचा प्रयत्न करत म्हणाली, "मावशी, एक सांगू? अत्तेंना सांगू नका. त्या घाबरतात." सासूला ती अत्ते म्हणते.

"काय झालं?"

"सकाळपासून डोकं जड आहे. दोनदा उलटी झाली. आणि बाळ…" तिने पोटावर हात ठेवला. "काल रात्रीपर्यंत लाथा मारत होतं. आज गप्प आहे. झोपलं असेल ना?"

मी तिचा हात धरला. मग विचारलं, "धूप कधीपासून लावलाय?"

"काल संध्याकाळपासून. अत्ते विझूच देत नाहीत. माझ्या खोलीतही ठेवला होता, आत्ताच हॉलमध्ये नेला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिचं डोकं दुखत होतं, माझंही दुखायला लागलं होतं, घर बंद होतं आणि निखारे पेटते होते. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो, आणि पोटातल्या बाळाला तो आईपेक्षाही लवकर बाधतो. धूमकेतूच्या बर्फात पाण्याच्या खालोखाल जे वायू गोठलेले असतात त्यांत हाही असतो. त्या महिन्यात मी त्याचंच प्रमाण मोजत होते, कोट्यवधी किलोमीटर लांबच्या एका गोळ्यात.

मी उठले आणि खिडकीवरचा कागद ओढून काढला. दोन्ही दारं सताड उघडली. हॉलमध्ये जाऊन फडक्याने धूपपात्र उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन त्यावर बादलीभर पाणी ओतलं. मोठा आवाज झाला.

सगुणाक्का धावत आली. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

"काय करतेस? वेड लागलें काय? विष आंत येईल!"

"विष आतच आहे अक्का. या निखाऱ्यांचं. बंद घरात निखारे ठेवले की एक वायू होतो. वैदेहीचं डोकं दुखतंय, उलट्या झाल्यात, माझंही डोकं दुखतंय. तुझं?"

तिचा हात कपाळाकडे गेला. दुखत होतं.

"जन्मभर सांब्राणी जाळली मी," ती म्हणाली. "माझ्या आईनें जाळली. कोणी मेलें नाही."

"खिडक्या उघड्या ठेवून जाळली."

"तो वायू दिसतो का तुला?"

"नाही."

"वास येतो?"

"नाही."

"मग धूमकेतूचें विषही दिसत नाही, वासही येत नाही. तें खोटें आणि हें खरें, कां म्हणून?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या क्षेत्रात एखादा पेपर तपासताना आम्ही हेच विचारतो. मी तिला म्हटलं की मागच्या ओट्यावर येऊन उभी राहा, थोड्या वेळाने डोकं हलकं होतं का ते तुझं तूच सांग. पण ती उंबऱ्यावरून हलेना. वर आकाश होतं.

"तुझ्या त्या चित्रांत विष आहे की नाही, येवढें सांग."

मी नाही म्हणू शकले असते. वैदेही खोलीच्या दारात भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"आहे," मी म्हटलं. "पण किती? त्याचा बर्फ हजार घागरी पाणी धरलास तर त्यात एखाद-दोन घागरी. आणि तो चंद्राच्या शेकडो पट लांब आहे. आपण त्याच्या शेपटीतून जाणार नाही. गेलो असतो तरी काही झालं नसतं, इतकी ती विरळ आहे."

"आकडे मला कळत नाहीत."

"तू बघितलास ना तो? गच्चीवरून?"

"बघितला. परवां, दिवे लागणीला. हा निरोप यायच्या आधीं."

"शेपटीच्या जागी चांदण्या दिसल्या का?"

ती आठवू लागली. "दिसल्या. एक चांगली ठळक होती, शेपटीच्या मधोमध."

"ती शेपटीच्या मागे आहे अक्का. फार मागे. लाखो मैल जाडीची शेपटी, आणि तिच्यातून चांदणी लख्ख दिसली. तुझ्या या हॉलमध्ये मघाशी धुरातून समोरची भिंत धड दिसत नव्हती."

ती उंबरा ओलांडून ओट्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं, पटलं. पण मग ती अगदी हळू म्हणाली, "मागच्या खेपेलाही सगळे असेच म्हणाले. कांही होत नाही म्हणून."

हे मला ठाऊक होतं आणि मी विसरले होते. वैदेहीचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. सगळ्यांनी धीर दिला होता, अक्काला आणि वैदेहीला. तेव्हापासून अक्का दर शुक्रवारी तिरुक्करुगावूरला जायची, गर्भ सांभाळणाऱ्या देवीकडे. या वेळी सगळं नीट चाललं होतं, आणि मग हा निरोप आला. तिने खिडक्या लावून घेतल्या. तिच्या हातात तेवढंच होतं.

मी तिच्या शेजारी बसले.

"धूमकेतूबद्दल मी तुला खात्री देते," मी म्हटलं. "ते माझं काम आहे. वीस-पंचवीस वर्षं तेच केलंय. तो इथे काहीही करणार नाही. पण बाळाबद्दल मला खात्री देता येत नाही. ते डॉक्टर सांगतील. बाळ सकाळपासून हललेलं नाही अक्का."

अक्काने मान वर केली. वैदेहीकडे बघितलं. "हललें नाही?"

वैदेहीने नाही अशी मान हलवली.

त्यानंतर अक्काने एकही प्रश्न विचारला नाही. तिने वैदेहीच्या डोक्यावरून ओला पंचा घातला, नाकातोंडावरून गुंडाळला आणि स्वतःच तिला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. पंच्याला मी हरकत घेतली नाही. गाडीच्या काचा मात्र मी सगळ्या खाली केल्या.

कुंभकोणमचा दवाखाना तळ्याजवळच्या रस्त्यावर आहे. डॉक्टरीणबाईंना मी आधी ओळखत नव्हते. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. मी दोन वाक्यांत सांगितलं, बंद घर आणि निखारे. त्यांनी लगेच नर्सला हाक मारली. वैदेहीला प्राणवायूचा मास्क लावला, पोटावर पट्टे बांधले. त्या पट्ट्यांनी बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर उमटतात. ठोके होते. पण त्या रेषेकडे बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली, आणि त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

"ठोक्यांची रेष अशी सपाट नको," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "वर-खाली व्हायला हवी. प्राणवायू देऊन बघू. सुधारलं नाही तर ऑपरेशन करून बाळ बाहेर काढावं लागेल. आईला बरं वाटलं तरी मास्क काढायचा नाही. बाळाच्या रक्तातून हा वायू उशिरा निघतो."

मी आलेख वाचणारी बाई. तो कागद मला वाचता येत नव्हता. मी आणि अक्का बाहेरच्या बाकावर बसलो.

बराच वेळ ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "तो कोठून येतो?"

"कोण?"

"धूमकेतू. येवढ्या लांबून येतो तर कोठून?"

तिला काहीतरी ऐकायचं होतं, कुठलंही. मी सांगू लागले. सूर्य झाला तेव्हा त्याच्याभोवती धूळ आणि वायूची मोठी चकती फिरत होती. त्या चकतीतून पृथ्वी झाली, गुरू झाला, शनी झाला. सूर्याजवळ ऊन होतं, तिथे दगड उरला. लांब थंडी होती, तिथे बर्फ टिकला. त्या बर्फाचे गोळे झाले, आणि मोठ्या ग्रहांनी त्यांतले पुष्कळसे लांब भिरकावून दिले. ते अजून तिथेच आहेत, सूर्यमालेच्या अगदी कडेला, कोट्यवधींच्या संख्येने. कधीतरी जवळून एखादा तारा जातो, थोडी ओढ बसते आणि एखादा गोळा आत यायला लागतो.

"स्वैंपाक झाल्यावर उरलेली कणीक," अक्का म्हणाली.

"तसंच. आणि ती कणीक कधी शिजलीच नाही. इतक्या थंडीत राहिली की पहिल्या दिवशी जशी होती तशी आहे. म्हणून आम्ही तिच्यामागे लागतो. तिच्यात पाणी आहे, कोळशाचा तो वायू आहे, अमोनिया आहे, स्पिरिटासारखी द्रव्यं आहेत. एका धूमकेतूच्या जवळ यान गेलं होतं, तेव्हा तर प्रथिनांचा एक घटकही सापडला. आपल्या शरीरात असतो तोच."

"आणि विष."

"आणि ते. पण पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटतं की अशाच साध्या द्रव्यांपासून, त्या सायनाइडपासूनही, जीवाला लागणारे पदार्थ आधी तयार झाले असावेत. पृथ्वीवर ते धूमकेतूंनी आणले की आणखी कशाने, याचा अजून वाद आहे. पाण्याचाही आहे. काही धूमकेतूंचं पाणी आपल्या समुद्राशी जुळतं, काहींचं जुळत नाही."

"म्हणजे तुम्हांलाही ठाऊक नाही."

"नाही."

तिला ते बरं वाटलं असावं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली.

संध्याकाळ होत आली तेव्हा नर्स आली आणि म्हणाली, "आत या. एकच जण." मी अक्काला पुढे केलं. दार उघडंच होतं. कागदावरची रेष आता करवतीसारखी वर-खाली होत होती. वैदेही मास्कच्या आतून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. अक्काने तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि तसाच धरून ठेवला. मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. चेहरा वेडावाकडा झाला होता. रडते की हसते ते कळेना.

"मारली," ती म्हणाली. "लाथ मारली."

डॉक्टरीणबाईंनी वैदेहीला ठेवून घेतलं. रक्ताचा रिपोर्ट आला होता, त्यात तो वायू होता. "अजून एक रात्र त्या घरात काढली असती तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"आज माझ्या स्कॅनच्या निम्म्या बायका आल्या नाहीत. फोन केला तर म्हणतात, धूमकेतू आहे. सगळ्यांकडे तोच निरोप आहे, धूप जाळायचा. तुम्ही वेधशाळेत आहात ना? तमिळमध्ये एक मिनिट बोला. मी माझ्या सगळ्या पेशंटना पाठवते."

"मला वरून मनाई आहे," मी म्हटलं.

"कोणाची?"

"ऑफिसची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऑफिस इथे येऊन ठोके बघणार आहे का?"

मी रेकॉर्ड केलं. नाव सांगितलं, संस्थेचं सांगितलं नाही. जो आलेख फिरतोय तो मी काढलेला आहे, त्यात सायनाइड आहे हे खरं आहे, ते किती थोडं आणि किती लांब आहे हे निरोपात सांगितलेलं नाही, पृथ्वी शेपटीतून जाणार नाही. आणि शेवटी, खिडक्या उघडा, निखारे बाहेर ठेवा, डोकं दुखत असेल तर दवाखान्यात या. डॉक्टरीणबाईंनी आपल्याही आवाजात दोन वाक्यं जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकं भरलेली होती. त्यांत दोघी डोकेदुखीच्या होत्या. एक तिरुविसनल्लूरची होती, तिच्याही घरात निखारे होते. दोघींना प्राणवायू दिला, दोघी बऱ्या झाल्या.

दुपारी मुरळी सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा आवाज माझ्या सासूबाईंच्या फोनवर आला. मदुराईत."

"हो सर."

"मी सांगितलं होतं, बोलू नका."

"हो सर."

मग ते म्हणाले, "मदुराईलाही त्यांनी खिडक्या लावल्या होत्या. आता उघडल्या." आणि पुढे, ऑफिसच्या आवाजात, "एक्स्प्लनेशन द्यावं लागेल. मी पाठवतो काय लिहायचं ते."

एक्स्प्लनेशन मी दिलं. कमिटीने ते नोंदवून घेतलं. संस्थेचा खुलासा निघाला तेव्हा धूमकेतू मावळतीच्या उजेडात दिसेनासा झाला होता.

वैदेहीला दिवस पुरे भरल्यावर मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, काही दोष निघाला नाही. सगुणाक्का गल्लीत सांगते की देवीने सांभाळलं आणि इंदूने धूमकेतूला परत पाठवलं. पहिल्या भागावर मी काही बोलत नाही. दुसऱ्या भागाचं खंडन दोनदा करून पाहिलं, मग सोडून दिलं.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले की एखादा पदार्थ सापडला हे सांगणं म्हणजे अर्धी माहिती. किती सापडला आणि कुठे, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे, कारण लोक दुसऱ्या वाक्यापर्यंत येत नाहीत. हे मी मीटिंगमध्ये मांडलं. सगळ्यांना पटलं. तेव्हापासून संस्थेच्या सगळ्या प्रेसनोट तीन भाषांत मलाच लिहाव्या लागतात.